लाज सोडा, गाठीचे नाव विचारा!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी विहारातील कार्यक्रम आटोपल्यावर एक तरुण आमच्याजवळ आला. जयभीम घालून त्याने हातातली प्लास्टिकची पिशवी पुढे केली. पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या, बिले आणि एक डिस्चार्ज कार्ड होते. "वकीलसाहेब, बाबा गेले. केस होईल का?" एवढेच तो बोलला.

बाबा म्हणजे ६३ वर्षांचे निवृत्त कामगार. त्यांचे उजव्या बाजूचे वृषण, म्हणजे ज्याला आपल्याकडे साध्या भाषेत गोळी म्हणतात ती, मोठी आणि टणक झाली होती. दुखत नव्हते, म्हणून पाच-सहा महिने त्यांनी घरात कुणालाच सांगितले नाही. बायकोला सांगायची लाज, मुलाला सांगायची त्याहून अधिक लाज. धोतर सावरता येईना तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. एका खाजगी दवाखान्यात कर्ज काढून ऑपरेशन झाले. ऑपरेशननंतर मुलाच्या हाती एक बरणी देण्यात आली आणि सांगण्यात आले, "हे लॅबमध्ये नेऊन द्या." का न्यायचे, ते कुणी सांगितले नाही. लॅबवाल्याने फी सांगितली, तेवढे पैसे त्या दिवशी खिशात नव्हते. "उद्या येतो" म्हणून मुलगा बरणी घेऊन घरी आला. दोन दिवस बरणी फळीवर राहिली. मग आजी म्हणाली, माणसाच्या देहाचा भाग असा घरात ठेवू नये. वस्तीच्या मागे खड्डा करून ती बरणी पुरण्यात आली!

टाके काढताना डॉक्टरांनी सांगितले, गाठ काढली, आता काळजी नाही. रिपोर्ट कुणी मागितला नाही आणि कुणी दाखवलाही नाही. अकरा महिन्यांनी दुसरी बाजू सुजली. पाठोपाठ बाबा विसरू लागले, बोलताना अडखळू लागले. मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "आधी काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?" रिपोर्ट वस्तीच्या मागे मातीत होता. नव्याने तुकडा तपासला तेव्हा कळले की हा लिम्फोमा आहे, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर. तो वृषणात सुरू झाला होता आणि आता मेंदूपर्यंत गेला होता. अडीच महिन्यांत बाबा गेले.

पहिल्याच वेळी ती बरणी तपासली गेली असती तर ते नक्की वाचले असते, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु त्यांना जी संधी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, हे मात्र ठामपणे म्हणू. आणि ती संधी एका लाजेने, एका बरणीने आणि एका न दिलेल्या उत्तराने हिरावून घेतली. म्हणूनच आज ज्या विषयावर आपल्याकडे कुणी लिहीत नाही, व्यासपीठावर कुणी बोलत नाही, त्या विषयावर आम्ही लिहीत आहोत.

वृषणाचा कॅन्सर हा मुळातच कमी आढळणारा रोग आहे. पुरुषांच्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा साधारण एक टक्का. भारतात तर त्याचे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरेच कमी आहे. परंतु तो गाठतो तो बहुधा १५ ते ४० या वयात. म्हणजे घरातला कमावता मुलगा, नुकते लग्न झालेला तरुण, कॉलेजात शिकणारा विद्यार्थी. यातल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक गाठी बीजपेशींपासून होतात. त्यांचे दोन मोठे गट आहेत, सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा. उरलेल्या थोड्या गाठी म्हणजे दुर्मिळातल्या दुर्मिळ. खरा घोटाळा होतो तो इथेच. डॉक्टरांच्या आयुष्यात एखाद-दुसरीच अशी गाठ येते आणि रुग्णाला तर तिचे नावही माहीत नसते.

नावाला एवढे महत्त्व कशासाठी? कारण नावावर उपचार ठरतो. साठी ओलांडलेल्या माणसाच्या वृषणात गाठ आली तर ती लिम्फोमा असण्याची शक्यता सर्वात जास्त. तिथे नुसती गाठ काढून भागत नाही. केमोथेरपी लागते, दुसऱ्या बाजूला लाईट म्हणजे रेडिएशन द्यावे लागते आणि रोग मेंदूत जाऊ नये म्हणून वेगळे औषध द्यावे लागते. आमच्या त्या बाबांना नेमके हेच मिळाले नाही. याउलट स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर नावाची गाठ बहुधा उतारवयात होते, परंतु ती क्वचितच पसरते. तिथे बहुधा ऑपरेशन पुरेसे असते. तिला केमो देणे म्हणजे माणसाला विनाकारण छळणे.

लायडिग पेशींची गाठ आणखी वेगळी. या पेशी पुरुषी संप्रेरक तयार करतात. लहान मुलाला ही गाठ झाली तर सहा-सात वर्षांच्या वयात आवाज फुटतो, अंगावर केस येतात. घरचे म्हणतात, पोरगा लवकर मोठा झाला! प्रौढ माणसाला झाली तर छाती स्त्रीसारखी वाढते, इच्छा कमी होते आणि तो डॉक्टरऐवजी भिंतीवरच्या जाहिरातीतला पत्ता शोधत जातो. ही गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, प्रौढांमध्ये दहातली साधारण एक घातक निघते. लहान गाठ असेल तर पूर्ण वृषण न काढता नुसती गाठ काढणेही शक्य असते. परंतु घातक निघाली तर नेहमीच्या केमोला आणि लाईटला ती फारशी दाद देत नाही. एपिडर्मॉइड सिस्ट नावाची आणखी एक गाठ तर कॅन्सरच नव्हे. सोनोग्राफीत ती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी दिसते. ती वेळीच ओळखली तर तरुणाचा अवयव वाचतो. तान्ह्या बाळांना होणारी योक सॅक गाठ वेगळी आणि मुलांना-किशोरांना वृषणाच्या शेजारच्या भागात होणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा वेगळा. बाहेरून हाताला या सगळ्या सारख्याच लागतात, एक टणक सूज! म्हणून जो कुणी हात लावून, न तपासता "काही नाही" म्हणतो किंवा "काढून टाकू, संपले" म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मग निदान कसे व्हायला हवे? ते काही चंद्रावरचे तंत्र नाही. पहिली पायरी सोनोग्राफी. दोन्ही बाजूंची करायची. तालुक्याच्या गावीही आज ती होते. सूज पाण्याची आहे की भरीव गाठ आहे, हे ती बहुतेक वेळा स्पष्ट सांगते. दुसरी पायरी रक्ताच्या तीन तपासण्या. एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच ही त्यांची नावे. या ऑपरेशनच्या आधी करायच्या आणि नंतरही करायच्या. एएफपी दर पाच ते सात दिवसांनी निम्मे व्हायला हवे, एचसीजी एक-दीड दिवसात निम्मे व्हायला हवे. तसे झाले नाही तर शरीरात रोग कुठेतरी शिल्लक आहे असे समजायचे. आधीची तपासणी केलीच नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार? मात्र इथेही एक मेख आहे. लिम्फोमा, लायडिग अशा दुर्मिळ गाठींत एएफपी आणि एचसीजी साधारणपणे वाढत नाहीत. म्हणून "रक्त नॉर्मल आहे, म्हणजे गाठ साधी आहे" हा निष्कर्ष चुकीचा. भरीव गाठ असेल तर पुढे गेलेच पाहिजे. रोग कुठवर गेला आहे हे पाहण्यासाठी पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन हवा.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. कॅन्सरचा संशय असेल तर अंडकोषाच्या कातडीतून सुई घालायची नाही आणि तिथून चीरही द्यायची नाही. ऑपरेशन करायचे ते जांघेतून. जांघेत चीर देऊन, वरची नळी आधी बांधून, वृषण अखंड बाहेर काढायचे. असे का? कारण वृषणातला रोग पसरतो तो पोटाच्या आत, पाठीच्या कण्याजवळच्या गाठींमध्ये. अंडकोषाच्या कातडीचा रस्ता मात्र जांघेतल्या गाठींकडे जातो. खालून चीर दिली की आपण आपल्या हाताने रोगाला दुसरा रस्ता उघडून देतो. हा नियम जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तरीही हायड्रोसील समजून खालून चीर दिलेल्या रुग्णांच्या कहाण्या आम्ही ऐकत असतो.

हायड्रोसीलचा हा गोंधळ आपल्याकडे अधिक आहे, कारण पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा जुना मुक्काम आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात अंडात पाणी होणे ही इतकी ओळखीची गोष्ट आहे की, कोणतीही सूज आली तरी "पाणी असेल" म्हणून सोडून दिली जाते. गंमत अशी की कधी कधी कॅन्सरच्या गाठीभोवतीही पाणी साचते. म्हणजे पाणी सापडले तरी गाठ नाही असे होत नाही! दुसरा गोंधळ क्षयरोगाचा. या भागात टीबीही होतो, म्हणून काही रुग्णांना तुकडा न तपासताच महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या चालू राहतात. तिसरा गोंधळ अँटिबायोटिकचा. इन्फेक्शन म्हणून औषध दिले तर हरकत नाही, परंतु दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली नाही तर सोनोग्राफीशिवाय पुढची गोळी घेऊ नये.

आणि चौथा गोंधळ भिंतीवरचा. एस.टी. स्टँडच्या मुतारीपासून रेल्वेच्या रुळाकडेच्या भिंतीपर्यंत "गुप्तरोगावर शर्तिया इलाज" हे शब्द कुणी वाचले नाहीत? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात कॅन्सर आणि हायड्रोसील ही दोन्ही नावे आहेत. या रोगांवर औषधाची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. कायदा होऊन सत्तर वर्षे उलटली, तरी भिंती रंगतच आहेत. आपला माणूस दिवसाची मजुरी त्या तंबूत देऊन येतो आणि रोगाला आणखी दोन महिने मिळतात.

हे सारे अधिक चीड आणणारे आहे, कारण हा रोग असाध्य नाही. उलट पसरल्यानंतरही बरा होणारा कॅन्सर म्हणून जगात याचेच उदाहरण दिले जाते. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होता. त्याला आढळले की विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या तारेतून निघालेल्या द्रव्यामुळे जिवाणूंचे विभाजन थांबते. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आले. १९७४ साली इंडियाना विद्यापीठातील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांबरोबर वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरवर वापरले. त्याआधी अशा रुग्णांपैकी शंभरातले पाच-दहाच वाचत. आज सर्व टप्पे मिळून बीजपेशींच्या या कॅन्सरचे शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन ही आज वापरली जाणारी तीन औषधे. तिन्ही जुनी आहेत, त्यांच्यावर कुणाचे पेटंट नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहेत. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याला १९९६ साली हा रोग झाला तेव्हा तो फुप्फुसात आणि मेंदूत पोचला होता. पुढे उत्तेजक औषधांमुळे त्याची विजेतेपदे काढून घेतली गेली हा भाग वेगळा, परंतु तो जगला हे खरे आहे. मग आमच्या वस्तीतला तरुण का जगू नये? औषध तेच आहे. कमी पडते ते वेळेवर झालेले निदान.

येथे आम्हाला तरुणांशी स्पष्ट बोलायचे आहे. एक वृषण काढल्याने पुरुषपण जात नाही. दुसरे निरोगी असेल तर संसार होतो, मुले होतात. केमोमुळे बीज कमी होण्याचा धोका असतो, म्हणून उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय असते. ती डॉक्टरांनी सांगितली नाही तर आपण विचारायची. आंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू हाताला कशा लागतात हे स्वतःला माहीत असू द्या. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखे लागते ते नैसर्गिक आहे, त्याला घाबरू नका. पण गोळीवर टणक, न दुखणारी गाठ लागली, एक बाजू जड झाली किंवा छाती वाढू लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. दुखत नाही म्हणजे काही नाही, ही समजूत मनातून काढून टाका.

आणि आयाबहिणींना सांगायचे ते हे. बाळाला आंघोळ घालताना दोन्ही गोळ्या खाली उतरल्या आहेत ना, हे बघा. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाही तर ती पुढे आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी. अशा मुलांना मोठेपणी या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. दीड वर्षाच्या आत छोटे ऑपरेशन करून ती खाली आणता येते. "मोठा झाला की उतरेल" असे म्हणणाऱ्या शेजारणीचे ऐकू नका.

आता वकील म्हणून चार शब्द. आरोग्य ही कुणाची मेहरबानी नाही. वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या २१ व्या कलमाचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या खटल्यात सरकारी रुग्णालयांबाबत सांगितले आहे. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात न्यायालयाने म्हटले की, कोणते ऑपरेशन, कशासाठी, त्यात धोका काय आणि दुसरा पर्याय काय, हे समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही संमती नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याचे कागद मिळालेच पाहिजेत. मागणी लेखी करा, पोच घ्या. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे १९९५ पासून पक्के आहे, मात्र साधारण दोन वर्षांच्या आत. परंतु आमचा अनुभव असा की, ज्याच्याजवळ कागद नाही त्याची केस उभी राहत नाही. त्या तरुणाच्या डिस्चार्ज कार्डावर "उजव्या वृषणाची सूज, शस्त्रक्रिया केली" एवढेच लिहिले होते. त्यावर आम्ही काय युक्तिवाद करणार होतो?

म्हणून ऑपरेशनच्या आधी तीन प्रश्न विचारा. चीर कुठून देणार? रक्ताच्या तिन्ही तपासण्या झाल्या का? काढलेला भाग कोणत्या पॅथॉलॉजिस्टकडे जाणार आणि रिपोर्ट कधी येणार? रिपोर्ट आल्यावर त्यातले गाठीचे नाव मराठीत लिहून घ्या. मेणाचे ठोकळे आणि काचा, ज्यांना ब्लॉक आणि स्लाइड म्हणतात, ते सांभाळा. परळच्या टाटा मेमोरियलला जा, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात जा, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात जा किंवा बार्शीला जा, तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील. दुर्मिळ गाठ असेल तर ते पुन्हा तपासून घेणे हा अविश्वास नव्हे, ती गरज आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणे ट्रस्ट कायद्याच्या ४१ कक कलमाने बंधनकारक आहे. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, मागा.

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. शरीरातून काढलेला कोणताही अवयव नातेवाइकांच्या हाती बरणीत देण्याची प्रथा बंद करा. तो भाग प्रयोगशाळेत पोचवणे ही ऑपरेशन करणाऱ्याची जबाबदारी ठरवा आणि त्या तपासणीचा खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरा. निदान होण्याआधी सोनोग्राफी, रक्त आणि तुकडा यांसाठी गरिबाला बहुधा स्वतःचाच खिसा रिकामा करावा लागतो. तो खर्च योजनेत आणा. जिल्हा रुग्णालयातून दुर्मिळ गाठीचे ब्लॉक कॅन्सर केंद्राकडे विनाखर्च तपासायला जातील अशी व्यवस्था करा. यासाठी नवी इमारत लागत नाही, एक आदेश लागतो.

आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांनो, आपण रक्तदान शिबिरे घेतो, डोळे तपासणी घेतो. वर्षातून एकदा विहारात, वाचनालयात, व्यायामशाळेत तरुणांना एकत्र बसवून एखाद्या डॉक्टरकडून या विषयावरही बोलून घ्या. पोरे आधी हसतील, खाली बघतील. हसू द्या. त्यातल्या एकाने जरी घरी जाऊन स्वतःला तपासले आणि एका मुलाने जरी आपल्या बापाला विचारले, "बाबा, काही त्रास तर नाही ना?", तरी त्या दिवसाचे सार्थक झाले. त्या तरुणाने आमच्याकडे केस मागितली होती. ती आम्ही देऊ शकलो नाही. निदान त्याची गोष्ट तरी तुमच्यापर्यंत पोचवावी, म्हणून हा लेख. पुढच्या वेळी कुणाच्या हाती अशी बरणी आली तर ती मातीत जाता कामा नये. ती प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे आणि तिच्यातल्या गाठीचे नाव घरच्यांना कळलेच पाहिजे!